गुडघ्यातले सामने

कोल्हापूरच्या शाळेच्या मैदानावर इंगवले सरांनी चष्मा लावला आणि फुटबॉल संघातल्या प्रत्येक मुलीच्या गुडघ्यावर आकडा उमटला. तो गुडघा अजून किती सामने टिकेल, हे तो आकडा सांगायचा. सर पुण्याच्या एका कॉलेजसाठी खेळाडू निवडायला आले होते आणि तीनशेच्या खालची मुलगी घ्यायची नाही, असा कॉलेजचा नियम होता.

पालकांनी त्यावर उपाय कधीच शोधला होता. सगळ्यांत मोठा आकडा, नऊशे बारा, बाकावर बसलेल्या मुलीचा होता. गुडघा झिजू नये म्हणून वडिलांनी तिला वर्षभर खेळूच दिलं नव्हतं. तिचे बूट अजून कोरे होते.

मैदानात वैभवी साळोखे तिघींना चकवून गोलकडे निघाली होती. असा खेळ सरांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिचा आकडा होता एक्केचाळीस.

सामना संपल्यावर ती थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, माझा किती दाखवायलाय? खरं सांगा."

"एक्केचाळीस. एवढा कसा झिजवलास गं?"

"खेळून. आणि कसा?"

सरांनी चष्मा काढून खिशात टाकला. "नियमाचं मी बघतो, कॉलेजशी भांडतो. येशील पुण्याला?"

वैभवीने गुडघ्यावरची माती झटकली.

"येतो की. पण चाळीसच तुमचे. एक आमच्या पेठेच्या फायनलला ठेवणार."