जंतूची चोरी

जंतूभोवतीची भिंत बांधणाऱ्या जनुकात संशोधक बाईंनी मुद्दाम एक बदल केला होता. त्यामुळे भिंत फोडणाऱ्या औषधांची त्यांच्या जंतूपुढे मात्रा चालेना. असा जंतू बाईंच्या फ्रीजबाहेर कुठेच नव्हता. तरीही आज शेजारच्या रुग्णालयातल्या लॅबवाल्याच्या कॉम्प्युटरवर, एका जंतूच्या जनुकात, त्यांना अक्षरन् अक्षर तोच बदल दिसला.

बाईंनी तडक जाऊन फ्रीजचं कुलूप बदललं. एरवी वाटेत अडवून गप्पा मारणारा हा माणूस हल्ली आपल्याला पाहून जिना का बदलतो, तेही आता त्यांना कळलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

संध्याकाळी त्यांनी त्याला दारातच गाठलं. "खरं सांग, माझा जंतू कुठून उचललास?"

तो खाली मान घालून उभा राहिला. "तुमच्या फ्रीजला मी हातही लावलेला नाही, ताई. पण तुम्हाला सांगायला जीभच रेटत नव्हती."

"काय सांगायला?"



"तुम्ही रोज लॅबमधून जाऊन तुमच्या आईंच्या पायाची जखम बांधता ना? ती कुठल्याच औषधाने का भरत नाही, ते शोधत होतो. हा जंतू त्या जखमेत सापडला."