नानांचा शेरा

सोनगीरच्या बसमधून उतरल्या उतरल्या सुकदेव नानांनी धुळ्याच्या स्टँडवरच मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत औषधाचा एकेक थेंब सोडला.

"डॉक्टरनी रोज टाकाले सांगेल शे ना!" त्यांच्या पत्नी ताईबाई करवादल्या.

"तपासणी आली की टाकतोच ना मी," नाना म्हणाले. "कालपासून एकदाही चुकवलं नाही."

नाना खेड्यावरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी भिंतींना चुना लागायचा, हुशार पोरं मधल्या बाकांवर बसायची आणि कच्च्या पोरांना घरी धाडलं जायचं. दरवर्षी शेरा 'उत्तम'. काचबिंदूलाही नानांनी हीच युक्ती लावली होती. डोळ्यात पाणी तयार होत राहतं, त्याची बाहेर जायची वाट तुंबली की दाब वाढतो आणि आतली नस न दुखता मरत जाते, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. नानांनी मानही डोलावली होती. पण दुखत नाही, समोरचं लख्ख दिसतं, मग रोजची कटकट कशाला?

डॉक्टर ज्योत्स्ना त्यांचीच विद्यार्थिनी. "आपण घडवलेली पोरगी," असं नाना चारचौघांत सांगत. तिने दाब मोजला. अगदी हवा तेवढाच भरला. नानांनी ताईबाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

यंदा मात्र तिने त्यांना आणखी एका मशीनपुढे बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. नाना हसतच बाहेर आले.

"ज्योत्स्ना, मशीन दुरुस्त करून घे, बेटा. कडेचे दिवे लागतच नाहीत."

ज्योत्स्ना हसली नाही. तिने मशीनचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मधोमध पांढरा ठिपका, भोवती सगळं काळं.

"सगळे दिवे लागत होते, गुरुजी. थेंब रोज टाकता?"

ताईबाई नानांकडे बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच नानांना तपासणीची भीती वाटली.

"आजपासून रोज टाकतो," ते घाईघाईने म्हणाले. "मग कडेचं दिसेल ना पुन्हा?"

"मधलं उरलंय, ते सांभाळू." ज्योत्स्नाने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तपासणीला तुम्ही मला घरी धाडायचात, गुरुजी. मी दुसऱ्या दिवशी परत यायची. ही नजर नाही येणार."