खुला की राखीव

“येडी हाय पोरगी,” असं म्हणत कुंडलिकभाऊंनी फॉर्मवरची ‘खुला’समोरची खूण खोडली आणि ‘राखीव’समोर ठसठशीत बरोबरची खूण केली. शेजारी बारीक सही ठोकली. खाडाखोड केली की सही करायची, ही त्यांची एकोणतीस वर्षांची शिस्त.

फॉर्म प्रतीक्षाचा होता. संस्थेच्या पाणी विभागात ती कंत्राटावर होती. सन दोन हजार सात. संस्थेत नुकतंच नवं धोरण आलं होतं. संशोधनाचे आकडे कपाटात कुजवायचे नाहीत, कॉम्प्युटरात ठेवायचे, आणि ते येईल त्याला बघता आले पाहिजेत. त्यासाठी दारातच एक कॉम्प्युटर मांडला. साहेबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. आकडे जमा करायचा फॉर्म पुण्याहून मराठीत करून आणला. त्यात एक ओळ होती: ‘प्रवेशाचा प्रकार – खुला / राखीव’.

आता कुंडलिकभाऊंचा सगळा जन्म आस्थापना विभागात गेलेला, आणि संस्थेतला प्रत्येक फॉर्म त्यांच्याच टेबलावरून जायचा. भरतीतली कुठली जागा खुली आणि कुठली राखीव, हे ते झोपेतसुद्धा सांगतील. प्रतीक्षा त्यांच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. “हक्काचं सोडून खुल्यात कशाला अर्ज करायचा?” ते शेजारच्या टेबलावरच्या संपतला म्हणाले. “बरं झालं, माझ्या नजरंत आलं.” आणि समाधानानं चहा प्यायले. माणूस मनानं खरंच चांगला. कुणाचं वाईट करायचं म्हणून त्यांनी कधी पेन उचललं नाही.

प्रतीक्षाला याचा पत्ताच नव्हता. दीड वर्ष ती बाटल्यांची पिशवी घेऊन एसटीनं फिरली होती. पार बेल्ह्यापर्यंत दोनशे चौदा ठिकाणचं पाणी तिनं तपासलं, विहिरी, बोअर, हापसे, काही सोडलं नाही. स्वतःच्या गावच्या मोठ्या विहिरीत तिनं बाटली सोडली त्या दिवशी आजी, धोंडाबाई, तिला तीनदा विचारत राहिली, “दोर तूच सोडला? सोताच्या हातानं?” आजीच्या तरुणपणी त्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभं राहावं लागायचं. कुणाला दया आली तर वरून ओतायचं.

कुठल्या गावानं कुठलं पाणी प्यावं, हे त्या गावाला कळावं, एवढीच प्रतीक्षाची धडपड. पण आकडे परस्पर कुणाला सांगणार नाही, दारातल्या कॉम्प्युटरवरूनच देईन, असं नवं धोरण आलं तेव्हाच तिच्याकडून लिहून घेतलेलं. म्हणून तिनं प्रत्येक ग्रामपंचायतीत कागद चिकटवला: संस्थेत या, आपलं पाणी बघा. पाच महिन्यांत चार-दोन गावची माणसं आली, कॉम्प्युटरपुढं उभी राहिली आणि गुमान परत गेली. सरकारी काम म्हटल्यावर कोण कुणाला विचारतंय? आणि प्रतीक्षा सारखी फिरतीवर, तिनं तो पडदा कधी बघितलाच नाही.

पुढच्या एप्रिलात कुंडलिकभाऊंची लेक स्नेहल बाळंतपणाला माहेरी आली. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून बाळाला डब्यातली पावडर गावच्या मोठ्या विहिरीच्या पाण्यात कालवून पाजायचे. तीन आठवड्यांत बाळाचे ओठ निळे पडले. मंचरच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, आणि सोडताना बजावलं, “मला तुमच्या पाण्याचाच संशय आहे. गावात चांगलं पाणी कुठलं, ते तुमच्याच संस्थेत बघा, मगच बाळाला घरी न्या.”

कुंडलिकभाऊ तसेच संस्थेत आले. हातात औषधाची पिशवी. एका बोटानं त्यांनी गावाचं नाव दाबलं. पडद्यावर उमटलं: ‘ही माहिती राखीव आहे. आपणांस प्रवेश नाही.’

“आरं, आमच्या गावची इहीर,” ते ओरडले, “अन् आमालाच प्रवेश न्हाई?”

आवाज ऐकून प्रतीक्षा धावत आली. पडदा वाचला. आत जाऊन फाइल काढून आणली. खोडलेला ‘खुला’, त्याच्यापुढं ठसठशीत खूण केलेला ‘राखीव’, आणि शेजारी ती बारीक सही.

“भाऊ, हे तुम्ही केलं?”

“मला वाटलं, तुझं ते... म्हंजी तुमच्या लोकांचं...”

प्रतीक्षाला भयंकर संताप आला. दीड वर्षाची मेहनत या माणसानं पेनाच्या एका फटक्यात कुलूपबंद केली होती, आणि वर उपकार केले म्हणून चहा प्यायला होता. कुलूप फक्त साहेबांना काढता येत होतं, आणि साहेब दिल्लीला गेले होते, खुल्या माहितीवर भाषण करायला. मग तिचं लक्ष त्या औषधाच्या पिशवीकडे गेलं. “स्नेहलच्या बाळाचे ओठ निळे पडलेत,” भाऊ म्हणाले. लिहून दिलेलं गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणून तिनं आपली मूळ वही उघडली.

“तुमच्या विहिरीत नायट्रेट एकशे दहा. पंचेचाळीसच्या वर नको. बाळाला त्यातला थेंबही देऊ नका.”

“मंग चांगलं पानी कुठलं?”

तिनं पान उलटलं. “अख्ख्या गावात एकच. आमच्या वस्तीतला हापसा. अठरा.”

कुंडलिकभाऊंनी पिशवी या हातातली त्या हातात घेतली. वयाची पंचावन्न वर्षं झाली, पण त्या वस्तीत त्यांनी कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. सगळं गाव हे जाणून होतं, प्रतीक्षासुद्धा.

“तितं,” त्यांनी कसंबसं विचारलं, “आमी घागर घेऊन आलेलं चालंल का, पोरी?”

प्रतीक्षानं वही मिटली.

“या की, भाऊ. हापसा खुला हाय.”