बियाण्याचा घेवडा

"भाऊजी, कुठल्या डब्यातले दाणे घेतलेत म्हणालात?" शेजारच्या शिवणवाल्या वहिनींनी विचारलं आणि चव बघायला घेतलेली वाटी तशीच ओट्यावर ठेवली.

"मागच्या खोलीतल्या. निळ्या डब्यातले." ड्रायव्हर डाव हातात धरून कौतुकाची वाट बघत होता. निवृत्तीला दोन महिने झाले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने भाजी केली होती. रात्री दाणे भिजत घातले, सकाळी कांदा चिरताना यथेच्छ रडून घेतलं. बायको बहिणीकडून चारच्या गाडीने यायची होती. म्हटलं, दाखवूच तिला.

"अहो, ते बियाणं होतं," वहिनी म्हणाल्या.

घेवड्याचं ते बी बायकोला सासरी येताना तिच्या आईने दिलं होतं. चाळीस वर्षं ती तेच पेरत होती, तेच राखत होती. वहिनींनी तीनदा मागून पाहिलं. टोपलीभर कोवळा घेवडा मिळाला, बी मिळालं नाही. आई जाऊनही आता बारा वर्षं झाली होती. म्हणजे ते बी जगात त्या एका डब्यात होतं, आणि आता पातेल्यात रटरटत होतं. पेरणी आठ दिवसांवर आली होती.

ड्रायव्हरने गॅस बंद केला. एकेक दाणा चमच्याने दाबून पाहिला. एखादा तरी गणंग निघेल, न शिजलेला, टणक. पण नवशिक्याने भाजी अशी मन लावून शिजवली होती की सगळे लोण्यासारखे मऊ. मेल्याला नेमकं आजच जमलं होतं.

बारा वाजले. तो फाटकापर्यंत गेला, परत आला. परसात जाऊन रिकामा मांडव बघितला. या घरात भाजी कधी विकत येत नसे. थंडीत पालेभाज्या, उन्हाळ्यात दुधी आणि काकड्या, पावसात घेवडा. एकतीस वर्षं गाडीवर त्याचा डबा उघडला की कंडक्टर आपोआप शेजारी येऊन बसायचा. डब्यात काय आहे ते दोघंही बघायचे, पण ते तिथवर येतं कसं, हे ड्रायव्हरने एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायची वेळ आली तर ही अशी.

एक दाणा रुमालात बांधून तो बियाण्याच्या दुकानात गेला. "अगदी असाच पाहिजे."

दुकानदाराने दाणा चिमटीत धरला. तो तिथेच चेपला. "काका, हा शिजलाय."

"ते माहीत आहे. जात सांगा."

जात काही कळली नाही. आणखी दोन दुकानं झाली. भरचौकात गाडीचे ब्रेक गेले होते तेव्हाही त्याचा जीव असा खालीवर झाला नव्हता. घरी आल्यावर त्याने पातेलं कपाटात लपवलं, मग स्वतःचीच लाज वाटून बाहेर काढलं. तीन वाजल्यापासून तो नुसता येरझारा घालत होता.

सव्वाचारला ती आली. चप्पल काढेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही.

"अगं, मी तुझं बी शिजवलं. घेवड्याचं. सगळंच."

तिने पिशवी खाली ठेवली. मागच्या खोलीत जाऊन निळा डबा उघडला, उपडा केला, तळावर थाप मारली. मग स्वयंपाकघरात आली. तिनेही पातेल्यात चमचा घालून दाणे दाबायला सुरुवात केली. तो मान खाली घालून उभा होता. ती रडली तरी चालेल, बोलली तरी चालेल, फक्त गप्प बसायला नको, असं त्याला झालं होतं.

एक दाणा जरा टणक वाटला म्हणून तिने दाताखाली धरून पाहिला. तोही शिजलेला होता. तिने दुसरा घेतला. मग चमचाभर. मग स्टूल ओढून ती पातेल्यापाशीच बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती खात होती.

"भाजी बिघडली का गं?" त्याने घाबरत विचारलं.

"अहो, वेलावरच्या सगळ्यात भरदार शेंगा मी दरवर्षी बियाण्याला सोडायचे. आपण खात आलो ते राहिलेलं." तिने आणखी एक चमचा घेतला. "माझी आई तर हे न चाखताच गेली हो."