दोन निशाणं

तीनशे अकराव्या पाकिटाशी मुलगी अडली.

भिंग डोळ्याला लावून तिने नाणं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. ब्राँझचं, अंगठ्याच्या नखाएवढं, रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं. मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये एक निशाण. तिने पुन्हा पाहिलं. एकच. पाकिटावर मात्र वडिलांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: दोन निशाणं.

निशाणं दोन असली तर नाणं आधीचं, एक असलं तर काही वर्षांनंतरचं, हे तिला वडिलांनीच शिकवलेलं. दुपारी संग्रहालयाच्या बाई येणार होत्या, सगळी पाकिटं तपासून ताब्यात घ्यायला. वडील सकाळीच दाढीबिढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. जन्मभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि उरलेल्या वेळात ही मातकट नाणी दात कोरायच्या काडीने साफ केली. आता डोळ्यांनी दगा दिला होता, पण ऐट कायम होती. बाईंनी एक तरी चूक काढून दाखवावी, असं ते चहा पितापिताच दोनदा बोलून गेले होते.

गुपचूप खोडून टाकावं, असं तिच्या मनात आलं. त्यांना कुठे दिसणार होतं? पण हात काही धजेना.

"बाबा, तीनशे अकरामध्ये घोटाळा आहे."

वडिलांनी हात पुढे केला. तिने नाणं तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते चाचपलंसुद्धा नाही, नुसतं हलकेच वरखाली जोखलं आणि हसले.

"एक निशाण. दोनवालं याहून जड असतं."

"मग दोन का लिहिलंत?"

"तू मोजलीस ना. सात वर्षांची होतीस. पहिल्यांदाच भिंग लावलंस, दोन दिसली म्हणून दुकानभर नाचलीस. मी काय बोलणार?"

तिला ते दुकान आठवलं. भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं, तेलाचा वास, बाबांच्या मांडीवर बसून मिटलेला आपला एक डोळा. बाईंनी ही चूक पकडली असती तर तुमची सगळी शान गेली असती, असं ती कशीबशी म्हणाली.

"बाकीची पाकिटं बघ. सगळी शाईची," वडील म्हणाले. "तेवढं एकच पेन्सिलीनं लिहिलं. म्हटलं, कधीतरी तुझं तुलाच दिसेल."

मुलीने खोडरबर उचलला आणि परत ठेवून दिला. मग पेन उघडलं आणि पेन्सिलीच्या फिकट ओळीखाली शाईने लिहिलं: एक निशाण.