अनसूयामावशींच्या पेशी

चुंबक बाटलीला लावलं आणि आतली तपकिरी पूड सरसर काचेवर चढली.

"चढली! चढली!" जितेंद्र सर ओरडले. साठीला टेकलेला माणूस शाळकरी पोरासारखा नाचत होता. भाईंदर पूर्वेतल्या त्या छोट्याशा प्रयोगशाळेत सगळ्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. खालच्या दुकानात पेढ्यांची ऑर्डरही गेली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या स्वातीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सरांना कोण सांगणार!

पूड हाडात असतं त्याच खनिजाची होती, फक्त तिच्यात लोखंड मिसळलं होतं. मोडलेल्या हाडापाशी ती चुंबकाने नेमकी नेता यावी, यासाठी हा सगळा खटाटोप. खेचली तर गेली. पण शरीरातल्या पेशींना ती विष ठरली तर काय उपयोग? आधीच्या पुडींनी पेशी मारूनच टाकल्या होत्या. आता पेशींचा शेवटचा साठा उरला होता. तोही गेला तर काम बंद होणार होतं आणि स्वातीची सगळी मेहनत पाण्यात.

त्या पेशी अनसूयामावशींच्या. तारोडीच्या या मावशी अंगणात घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशनमध्ये निघालेला हाडाचा तुकडा संशोधनाला देणार का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "न्या की. मला मूल न्हाय, बाळ न्हाय. कोनाला इचारू?"

त्या तुकड्यातून स्वातीने पेशी वाढवल्या. हे कळल्यापासून मावशींनी फोन करकरून तिला भंडावून सोडलं. "खातात काय गो? थंडी न्हाय ना वाजत?" स्वाती आधी हसायची. मग तीही "मजेत आहेत" म्हणून सांगू लागली.

आज तर मावशी काठी टेकत स्वतःच येऊन बसल्या होत्या. पुडीचा तमाशा त्यांनी ढुंकूनही पाहिला नाही.

याच पुडीसोबत काही दिवस वाढवलेल्या पेशींची बशी स्वातीने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. रंग आधीच घातला होता. जिवंत पेशी हिरवी दिसणार, मेलेली लाल. भिंतीवरचा पडदा उजळला.

हिरवं. जिकडे बघावं तिकडे हिरवं.

"जगल्या! मावशी, जगल्या! आणि वाढतायत पण! ही बघा, एकीच्या दोन होतायत!"

मावशी उठल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"ही समदी माजी?"

"तुमचीच!"

स्वाती हसत होती आणि रडतही होती. सरांनी तिला खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं. पेढे आले, नारळ आला. कोपऱ्यातल्या गणपतीपुढे दिवा लावायचं ठरलं.

"मान मावशींचा," म्हणत सरांनी काडेपेटी पुढे केली.

मावशी झटकन मागे सरल्या. पदर सावरला. सत्तरी ओलांडलेली ती बाई चक्क लाजत होती.

"देवाला हात कशी लावू? मला सोयर हाय."