अठरा किलोमीटरची पिशवी

स्टाफरूमच्या टेबलावर वसुमतीने पिशवी दुसऱ्यांदा रिकामी केली. बॅटरी, शिट्टी, दोरी, पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाण्यांचा डबा. बूट आधीच पायांत होते.

“काय ओगलेबाई, हिमालय का?” दारातून प्राचार्य हसले.

“घर, सर. पूल बुडाला तर पायी जायचं.”

“पुलाची काळजी शासन घेतं हो!”

“घेतंच. गेल्या पुरात मी इथे तीन दिवस अडकले, तेव्हा शासनाने खेद व्यक्त केला होता.”

त्या तीन दिवसांत तिच्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना शेजाऱ्यांनी माळ्यावर चढवून वाचवलं. ते शेजारी आता पुण्याला राहायला गेले होते.

तिने कपाटातून कॉलेजच्या पूरसमितीचा दोनशे पानी अहवाल काढला. भूगोलाची प्राध्यापिका म्हणून तो तिनेच लिहिला होता; अध्यक्ष या नात्याने प्राचार्यांनी तो न वाचता, सन्मानपूर्वक कपाटात ठेवला होता. तिने त्यातलं डोंगरवाटेच्या नकाशाचं पान तेवढं फाडून घेतलं.

प्राचार्य वाकून नकाशावरची निळी पूररेषा पाहू लागले. “ही रेषा आमच्या घरावरून जाते?” त्यांचा आवाज उतरला होता.

“अहवाल लिहिला तेव्हापासून, दोन वर्षं जाते, सर. बाकीचा अहवाल तुम्ही ठेवा. मला ओझं होतं.”

बाहेर लख्ख ऊन होतं. गेल्या पुरात पाण्याला बाबांच्या खाटेपर्यंत पोहोचायला सहा तास लागले होते. पुढच्या पुराआधी, आज सरावातच, तिला हे अठरा किलोमीटर पाच तासांत चालता येतात का ते पाहायचं होतं. तिने घड्याळ पाहिलं आणि एसटी स्टँडकडे पाठ करून ती डोंगराच्या दिशेने चालू लागली.